कामावरून माणूस ओळखावा तो कसा?



आपल्या समाजातील कुणाही वडीलधाऱ्या गृहस्थांना विचारून पाहा, "काका, तुम्ही नोकरीत असताना काय काम करीत होता?" बहुतेक वेळा उत्तर येते, "काही विशेष नाही. कारखान्यात होतो." एखाद्या आजीला विचारले तर ती म्हणते, "मी कुठे काय केले? घर सांभाळले, मुले वाढविली, झाले." या उत्तरात नम्रता आहे आणि नम्रता हा गुणच आहे. परंतु तिच्या आड एक समजूतही असते. ती अशी की आपले काम सांगण्यासारखे नव्हते. नातवंडे हे ऐकतात व तीही तसेच मानू लागतात. मग आजोबांचे काम, त्यातली हुशारी, त्यातले कष्ट, सारे काही आजोबांबरोबरच संपते.

ही समजूत बरोबर आहे काय? या पाठात आम्ही ती तोरा व तालमूद यांच्या उजेडात तपासून पाहणार आहोत. तसेच आपल्या बेने इस्राएल लोकांच्या कामाचा इतिहास तिच्याशेजारी ठेवणार आहोत. वाचकांनी हा पाठ घरातील मुलांना वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

एका शब्दाचा अर्थ

इस्राएलात आपण रोज कामाला 'अवोदा' म्हणतो. हाच शब्द बेथ हमिक्दाशमधील उपासनेलाही आहे. म्हणजे कारखान्यात जाणे आणि देवाची सेवा करणे या दोन्ही गोष्टींना आपल्या पवित्र भाषेने एकच नाव दिले. पण कामासाठी तोरेत आणखी एक शब्द आहे, तो 'मेलाखा'. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, असे सांगताना देवाच्या कामासाठी हाच शब्द तीन वेळा आला आहे. पुढे रानात मिश्कान उभारण्याच्या कामालाही हाच शब्द वापरला आहे. शब्बाथच्या दिवशी जे करू नये, तेही 'मेलाखा'च.

आता शब्बाथला मना असलेली कामे कोणती? मिश्नामध्ये ती मोजून दिली आहेत, ३९. त्यांची मांडणी पाहण्यासारखी आहे. पहिली ११ कामे भाकरीची आहेत : पेरणे, नांगरणे, कापणी करणे, मळणी, पाखडणे, दळणे, चाळणे, मळणे, भाजणे वगैरे. पुढील १३ वस्त्राची आहेत : लोकर कातरण्यापासून ती धुणे, रंगविणे, सूत कातणे, विणणे, शिवणे येथपर्यंत. त्यापुढील ९ कातड्याची व लिहिण्याची. उरलेली ६ म्हणजे बांधणे, मोडणे, विस्तव विझविणे, पेटविणे, हातोड्याचा शेवटचा घाव घालून वस्तू पुरी करणे, आणि एका जागेतून दुसऱ्या जागेत वाहून नेणे.

ही यादी राजांच्या कामांची नाही. शेतकरी, विणकर, चांभार, गवंडी, सुतार आणि घरातील बाई यांची ही कामे आहेत. पाखडणे, दळणे, मळणे, भाजणे, शिवणे : आपल्या आज्यांनी ही कामे जन्मभर केली. जगाच्या निर्मितीला जो शब्द, तोच त्यांच्या जात्याला व सुईला. मग "मी काहीच केले नाही" असे त्यांनी का म्हणावे?

परंतु काम केले एवढ्याने पुरत नाही. ते कसे केले, याला मोल आहे. आपल्या शास्त्रांतून व इतिहासातून आम्हाला यासाठी चार कसोट्या दिसतात.

पहिली कसोटी : कामात मन आहे काय?

शेमोथ (निर्गम) पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात यहूदा वंशातील बसालेल याची ओळख होते. देव मोशेला सांगतो की, आपण या माणसाला नाव घेऊन बोलाविले आहे आणि त्याला आपल्या आत्म्याने भरले आहे. कशासाठी? सोने, रुपे व पितळ यांत घडण करण्यासाठी, पाषाण कोरून बसविण्यासाठी, लाकूड कोरण्यासाठी. बसालेल हा याजक नव्हता की सेनापती नव्हता. तो कारागीर होता. देवाचा आत्मा त्याच्या हातात उतरला, असे म्हटले तरी चालेल. त्याच्या जोडीला दान वंशातील अहलियाब होता. तसेच ज्या स्त्रियांचे हात कुशल होते त्यांनी घरी सूत कातून आणले, बकऱ्याचे केसही कातले, याची नोंद तोरेने आवर्जून केली आहे.

याच प्रकरणात पुढे 'मेलेखेत माख्शेवेत' असा शब्दप्रयोग येतो. त्याचा अर्थ विचारपूर्वक, योजनेने केलेले काम. आपल्या ऋषींनी शब्बाथचा सारा कायदा या शब्दांच्या आधारावर उभा केला. उदाहरण घ्या. कापड फाडणे हे ३९ कामांत आहे, पण कोणते फाडणे? पुन्हा नीट शिवावे म्हणून जे उसवले, ते. रागाच्या भरात कुणी नुसती नासधूस केली, तर मूळ तोरेच्या दृष्टीने ती 'मेलाखा'च्या पदवीला पोचत नाही. (शब्बाथला नासधूस करण्यास मुभा आहे, असा अर्थ कुणी काढू नये, ऋषींनी तीही मना केली आहे.) हात तोच, कापड तेच, फाडण्याचा आवाजही तोच. पण एका ठिकाणी मनात पुढची शिवण आहे, दुसऱ्या ठिकाणी काही नाही. हा फरक ज्याने ओळखला त्याला काम म्हणजे काय ते समजले.

आता आपल्या घरात पाहू. कोकणात द्राक्षारस मिळत नव्हता. किद्दुश तर करावयाचा. आपल्या बायकांनी मनुका पाण्यात भिजविल्या, कुस्करून गाळल्या आणि त्या शरबतावर आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या किद्दुश झाला. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून कालवणात नारळाचे दूध आले. रोश हशानाला चिकाचा हलवा होतो, त्यातही नारळाचेच दूध, म्हणजे तो कोणत्याही जेवणानंतर खाता येतो. ही युक्ती कुणी शाळेत शिकविली नाही. आज्ञा मोडावयाची नाही आणि सण कोरडाही जाऊ द्यावयाचा नाही, या दोन गोष्टी मनात धरून ज्या बाईने प्रथम नारळ खवला, तिचे काम 'मेलेखेत माख्शेवेत'च होते. तिचे नाव आपल्याला ठाऊक नाही. तिचा हलवा मात्र आपण अजून खातो.

कल्पकता ही कवी व चित्रकार यांचीच मिरास आहे, असे मानण्याचे कारण नाही. आणि कवीलाही हातांनी काम करावे लागतेच. आपल्या समाजात जन्मलेले नामवंत कवी निस्सिम एझिकेल (१९२४–२००४) हे १९५२ साली लंडनहून मुंबईस परतताना बोटीवर डेक घासण्याचे काम करीत आले. पुढे तसबिरींच्या चौकटी बनविणाऱ्या एका कंपनीचे व्यवस्थापकही ते होते. १९८३ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. डेक घासणारे हात आणि कविता लिहिणारे हात एकाच माणसाचे होते.

दुसरी कसोटी : दुसऱ्याचा वेळ व दुसऱ्याची वस्तू

तालमूदच्या तआनीथ भागात अब्बा हिल्किया यांची गोष्ट आहे. वर्तुळ आखून त्यात उभे राहून पावसासाठी प्रार्थना करणारे होनी, त्यांचे हे नातू. पाऊस लांबला की ऋषी यांच्याकडे माणसे पाठवीत. एकदा दोन विद्वान त्यांच्याकडे आले. घरी भेट झाली नाही. ते शेतात कुदळीने काम करीत होते. विद्वानांनी शालोम केला. अब्बा हिल्किया यांनी मान वर केली नाही.

संध्याकाळी ते घरी निघाले. लाकडाची मोळी व कुदळ एका खांद्यावर, आणि अंगरखा दुसऱ्या खांद्यावर. वाटेने अनवाणी चालले, पाणी लागले तेथे मात्र पायांत जोडे घातले. काटेरी झुडपे आली तेथे कपडे वर उचलून धरले. घरी जेवावयास बसले, पण पाहुण्यांना "या, जेवा" म्हटले नाही. मग ते पत्नीसह गच्चीवर गेले. एका कोपऱ्यात ते, दुसऱ्या कोपऱ्यात ती, असे दोघांनी प्रार्थना केली. ढग आले ते प्रथम पत्नीच्या बाजूने.

विद्वान चक्रावले. त्यांनी एकेक गोष्ट विचारून घेतली. उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. शालोमला उत्तर का दिले नाही? ते रोजंदारीवर होते. तो वेळ मालकाचा होता, तो बोलण्यात घालविण्याचा त्यांना हक्क नव्हता. अंगरखा मोळीखाली का घेतला नाही? तो मागून आणलेला होता. देणाऱ्याने अंगात घालण्यासाठी दिला होता, मोळीचे ओझे त्यावर ठेवण्यासाठी नव्हे. जोडे पाण्यात का? वाटेवरचे डोळ्यांना दिसते, पाण्यातले दिसत नाही. कपडे वर का धरले? अंगावरचा ओरखडा भरून येतो, कपड्याचा येत नाही. जेवावयास का बोलाविले नाही? घरात भाकरी पुरेशी नव्हती आणि खोट्या आग्रहाचे फुकट आभार त्यांना नको होते. आणि ढग पत्नीच्या बाजूने का? ती घरी असते. गरीब दाराशी आला तर ती त्याला भाकरी देते, त्याची भूक तेथेच भागते. नवरा पैसे देतो, त्याची भाकरी होईपर्यंत वेळ जातो.

या गोष्टीत मोठा चमत्कार पावसाचा आहे, असे वरवर वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. ऋषींनी पावसाचे वर्णन थोडक्यात आटोपले आणि कुदळ, मोळी, अंगरखा व जोडे यांचे सविस्तर केले. ज्याची प्रार्थना ऐकली जाते असा माणूस कसा असतो, हे त्यांना दाखवावयाचे होते. तो असा असतो : मालक समोर नसतानाही मालकाचा वेळ जपणारा, उसन्या वस्तूला स्वतःच्या वस्तूपेक्षा जास्त सांभाळणारा, आणि आपल्यापेक्षा बायकोच्या कामाचे मोल अधिक आहे हे मोकळेपणी सांगणारा.

मुंबईत आपले लोक रेल्वेच्या वर्कशॉपांत, गोदीत, गिरण्यांत, पोस्टात, पोलिसांत, इस्पितळांत कामाला होते. कुणी सुतार, कुणी गवंडी, कुणी फिटर, कुणी कारकून, कुणी परिचारिका. इस्पितळात रात्रपाळीच्या वेळी सगळे झोपलेले असताना ज्या परिचारिकेने रोग्याचा ताप ठरल्या वेळी पाहिला व ठरला तोच आकडा न लिहिता दिसला तो आकडा लिहिला, ती अब्बा हिल्कियांच्याच शाळेतली. तिला कुणी पाहिले नाही. म्हणूनच त्या आकड्याला किंमत.

तिसरी कसोटी : काम थांबविता येते काय?

बसालेलची नेमणूक ज्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात लगेच पुढे शब्बाथची आज्ञा आहे. मिश्कानसारखे पवित्र काम असले तरी सातव्या दिवशी हत्यारे खाली ठेवावयाची. काम करता येणे हे अर्धे कौशल्य, थांबता येणे हे उरलेले अर्धे.

आपल्या पूर्वजांची खरी परीक्षा येथे झाली. कोकणात कुलाबा जिल्ह्यातील गावांतून ते राहिले. दिवे गावचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर, रोह्याचे रोहेकर, अशी आपली आडनावे त्या गावांची साक्ष देतात. त्यांतील पुष्कळांचा धंदा तेल गाळण्याचा. घाणा ज्यांनी पाहिला नाही त्या मुलांसाठी सांगतो. एक मोठे उखळ असे. त्यात एक जाड लाट उभी तिरपी बसविलेली. लाटेला आडवे लाकूड जोडून त्याला बैल जुंपत. बैल गोल गोल फिरे, लाट फिरे, आणि उखळातले तीळ किंवा खोबरे चिरडून तेल सुटे. मागे राहिलेली पेंड गुरांना घालीत. हे काम दिसावयास सोपे, पण एका वेळी घाण्यात किती घालावे, पाण्याचा हबका केव्हा मारावा, तेल सुटले की नाही हे बोटांनी कसे ओळखावे, यात जन्म जाई.

हा घाणा शुक्रवारी सूर्य मावळला की थांबे आणि शनिवारी तारे दिसेपर्यंत फिरत नसे. शेजारी पाहत होते. सोमवारी बैल न जुंपणारे तेलीही त्या भागात होते, त्यांना सोमवार तेली म्हणत. आपल्या लोकांना नाव पडले 'शनवार तेली'. सात दिवसांतला एक दिवस धंदा बंद म्हणजे गरीब माणसाला केवढे नुकसान, याचा विचार करावा. गिऱ्हाईक दुसऱ्याच्या घाण्यावर जाई. त्या काळी गावात तोरेचे हस्तलिखित नव्हते, हिब्रू वाचता येत नव्हते. शेमाचे शब्द, सुंता, सण, उपास आणि थांबलेला घाणा एवढेच जवळ होते. त्यातच एक गोष्ट विसरू नये. आज्ञेप्रमाणे बैलालाही विसावा असतो. घाणा थांबला की डोळ्यांवरची झापड काढून तो मुका जीवही उभा राही. त्यालाही शब्बाथ मिळे.

बाहेरून पुढे दावीद रहाबी नावाचे विद्वान आले, त्यांची परंपरागत हकीकत सर्वांना ठाऊक आहे. हे लोक खरोखर इस्राएलाचे की काय, हे पाहण्यासाठी त्यांनी बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेविली. पंख व खवले नसलेली मासळी बायकांनी बाजूला काढली व ती आम्ही खात नाही म्हणून सांगितले. परीक्षा घेणारा मोठा विद्वान होता, पण परीक्षा झाली ती स्वयंपाकघरात, आणि उत्तर दिले ते मासळी साफ करणाऱ्या हातांनी.

१९६४ साली क्नेसेटने ठराव करून बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असे जाहीर केले. तो ठराव आपल्याला प्रिय आहे. परंतु त्याच्या कित्येक पिढ्या आधी तीच गोष्ट घाण्याने व चुलीने सांगून ठेविली होती. 'तेली' हा शब्द कुणाच्या तोंडून हलकेपणाने आला तर आपल्या मुलांनी लाजू नये. ती आपली जुनी ओळखपत्रिका आहे.

चौथी कसोटी : आपल्यानंतर ते कुणाला येईल?

बसालेलविषयी तोरा आणखी एक गोष्ट सांगते. दुसऱ्यांना शिकविण्याची बुद्धीही देवाने त्याच्या मनात घातली. कित्येक कारागीर हाताचे पक्के असतात, पण आपली कला मुठीत झाकून ठेवतात. बसालेल तसा नव्हता.

तालमूदमध्ये पित्याची मुलाविषयीची कर्तव्ये दिली आहेत : सुंता, तोरा शिकविणे, लग्न करून देणे, आणि त्याबरोबर हातचा एक धंदा शिकविणे. रब्बी यहूदा तर म्हणतात की, ज्याने मुलाला धंदा शिकविला नाही त्याने त्याला लुटारूपण शिकविल्यासारखे आहे. स्वतः ऋषीही धंदे करीत. रब्बी योहानान यांना 'हसांद्लार', म्हणजे जोडे बनविणारे, हेच नाव पडले. रब्बी इत्सहाक हे लोहार म्हणून ओळखले जात. लोक पहिल्या फळांच्या टोपल्या घेऊन यरुशलायिममध्ये येत, तेव्हा शहरातले कारागीर उभे राहून त्यांचे स्वागत करीत, असे मिश्ना सांगते.

आपल्या समाजात शिकविणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. योसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, म्हणून आपल्या पणज्यांना कळले की आपण देवाजवळ काय मागतो. हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा निघाली. त्यांनी लिहिलेला बेने इस्राएल लोकांचा इतिहास त्यांच्या पश्चात १९३७ साली तेल अवीव येथे छापून निघाला. लिहिणाऱ्याला आपले पुस्तक छापलेले पाहावयास मिळाले नाही, आपल्याला मात्र ते वाचावयास मिळते. त्याच शाळेच्या, म्हणजे पुढे सर एली कदूरी स्कूल झाली तिच्या, रिबेका रूबेन या १९२२ पासून १९५० पर्यंत मुख्याध्यापिका होत्या. २८ वर्षे एकच काम, पण दर वर्षी मुले नवी.

आणखी एक नाव सांगतो. अहमदाबादचे रूबेन डेव्हिड (१९१२–१९८९). प्राण्यांचे वैद्यक ते स्वतःच शिकले. १९५१ साली त्यांनी कांकरिया तळ्याकाठी प्राणिसंग्रहालय उभारले. १९७५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. मुक्या जनावराला काय होते हे त्याला सांगता येत नाही, ते पाहून पाहून ओळखावे लागते. त्यांचे शिक्षण असे झाले.

काळ्या भिंती

आता ज्यासाठी हा पाठ लिहिला त्या मुद्द्यावर येतो.

तालमूदच्या बेराखोथ भागात अशी हकीकत आहे. रब्बान गमलिएल हे समाजाचे प्रमुख. त्यांनी रब्बी यहोशुआ यांचा अपमान केला होता, म्हणून क्षमा मागण्यास ते त्यांच्या घरी गेले. घराच्या भिंती काळ्या दिसल्या. गमलिएल म्हणाले, भिंतींवरून दिसते की आपण कोळशाचे काम करता. हे ऐकून रब्बी यहोशुआ यांना फार वाईट वाटले. ज्या पिढीचे आपण पुढारी, त्या पिढीची त्यांनी कीव केली, कारण विद्वान लोक पोट कसे भरतात, किती कष्ट सोसतात, हे पुढाऱ्यालाच ठाऊक नव्हते. इतकी वर्षे एकत्र बसून तोरा शिकले, आणि भिंतींचा रंग आज कळला!

आपल्या घरांच्याही भिंती काळ्या आहेत. १९५० व १९६० च्या दशकांत आपली माणसे येथे आली. कुणी बेएर शेवात, कुणी लोद व रामलात, कुणी अश्दोद, दिमोना, किर्यात गात येथे. दिमोना वसले १९५५ साली, तेव्हा तेथे वाळूच होती. मुंबईत टेबलाशी बसून लेखणी चालविणाऱ्यांना येथे फावडे धरावे लागले. भाषा नवी, हवा नवी. कित्येकांनी कापड-गिरण्यांत यंत्रे सांभाळली, बंदरावर ओझी चढविली-उतरविली, विमानांच्या कारखान्यात भाग घासून बसविले, इस्पितळांत रोग्यांना उचलले. हे सर्व काम आनंदाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. आपले शिक्षण वाया गेले, हे दुःख काहींनी मनात ठेवूनच डोळे मिटले. त्या दुःखाला खोटी फुले वाहू नयेत. पण ज्या माणसाने मनात हे दुःख असतानाही दुसऱ्याच्या यंत्राची, दुसऱ्याच्या वेळेची काळजी घेतली, शुक्रवारी मेणबत्त्यांच्या आधी घरी येऊन हात धुतले, आणि मुलाला शिकविले, त्याने वरील चारही कसोट्या पार केल्या. त्याने "काही विशेष नाही" म्हणावे, हे त्याच्या स्वभावाला शोभते. आपण ते खरे मानावे, हे आपल्याला शोभत नाही.

आजची नातवंडे संगणकावर काम करतात. त्यांच्या हाताला तेल लागत नाही, भिंत काळी होत नाही. कुणी विचारील, त्यांना या कसोट्या काय कामाच्या? आम्ही म्हणतो, तितक्याच कामाच्या. पगार तासावर मिळत असेल तर तो तास मालकाचा आहे. दुसऱ्याने केलेले काम आपल्या नावावर दाखविणे म्हणजे उसन्या अंगरख्यावर मोळी टाकणे आहे. शब्बाथला टेलिफोन बाजूला ठेवणे हे घाणा थांबविण्याइतकेच अवघड झाले आहे, कारण या घाण्याला बैल नाही, तो आपोआप फिरतो. आणि आपल्याला जे येते ते शेजारच्या नवख्याला दाखवावे की लपवावे, हा प्रश्न तर बसालेलच्या काळापासून तोच आहे.

घरी करावयाचा अभ्यास

येत्या शब्बाथला जेवणानंतर मुलांनी घरातील वडील माणसांना पुढील प्रश्न विचारावे. उत्तरे लक्षात ठेवावी व शब्बाथ निघाल्यावर वहीत लिहून ठेवावी. मराठी लिहिता येत नसेल तर हिब्रूत लिहावी, पण हत्यारांची व पदार्थांची नावे आजी-आजोबा उच्चारतात तशीच ठेवावी.

१. तुमच्या कामात अशी कोणती गोष्ट होती जी नवीन माणसाला येत नसे आणि तुम्हाला येत असे? ती कशी साधली?

२. कुणी पाहत नसतानाही तुम्ही कोणती गोष्ट नीटच केली?

३. कामामुळे शब्बाथ किंवा सण अडचणीत आला, तेव्हा काय केले?

४. हे काम तुम्हाला कुणी शिकविले आणि तुम्ही कुणाला शिकविले?

ज्यांच्या घरी आता विचारण्यास कुणी राहिले नाही, त्यांनी शेजारच्या वृद्ध जोडप्याकडे जावे. जाताना हाताने केलेला एखादा पदार्थ न्यावा. विचारणाऱ्याला प्रथम "काही विशेष नाही" असेच ऐकावे लागेल. तेवढ्यावर उठू नये. चहा होईपर्यंत बसावे.

सर्वांस शब्बाथ शालोम.